पाण्यातल्या माशावर नेम: बो-फिशिंगच्या सरावाची लक्ष्यं घरच्या घरी

बो-फिशिंगच्या, म्हणजे धनुष्यबाणाने मासे मारण्याच्या, पहिल्या दिवशी मी अकरा बाण सोडले आणि अकराही माशांच्या पाठीवरून गेले. शेवटचा कार्प तर पळालाही नाही. बाण चिखलात रुतला, तो जरासा बाजूला सरकला आणि परत तोंड खुपसून चरायला लागला. घरामागे पंधरा यार्डांवरच्या कागदी टार्गेटवर माझे बाण मुठीएवढ्या जागेत बसायचे, त्यामुळे हा अपमान जास्तच लागला.

मी राहतो ते अमेरिकेतलं पिओरिया शहर इलिनॉय नदीच्या काठावर आहे. आपल्याकडे शेततळ्यात कटला-रोहूबरोबर सोडतात तो चंदेरा, म्हणजे सिल्व्हर कार्प, इथे उपद्रवी ठरला आहे. तळ्यांचं पाणी स्वच्छ ठेवायला म्हणून १९७०च्या दशकात तो अमेरिकेत, आर्कान्सा राज्यात आणला गेला. तिथून निसटला आणि मिसिसिपीच्या खोऱ्यात पसरला. मोटारबोटीच्या आवाजाने हे मासे पाण्याबाहेर उड्या मारतात. त्यामुळे या नदीवर धनुष्य घेऊन कार्प मारणं हा रीतसर खेळ आहे. त्यासाठी मासेमारीचा परवाना लागतो. कुठले मासे, कुठल्या पाण्यात, दिवसा की रात्री, हे राज्याराज्यांत वेगळं असतं आणि बदलतही राहतं, म्हणून दर हंगामाला नियमपुस्तिका बघावी.

गळाला लागलेला नको असलेला मासा परत सोडता येतो. बाण लागलेला सोडून उपयोग नसतो, तो मरतोच. म्हणून शिकायचं ते फोमच्या माशावर. खाली दिलेली लक्ष्यं मी दोन-तीन हंगामांत करत, मोडत, सुधारत आणली आहेत.

आधी नळीचा प्रयोग

धनुष्य हातात घेण्याआधी हा प्रयोग कराच. दहावीच्या विज्ञानात प्रकाशाचं अपवर्तन शिकताना वाटीतल्या नाण्याचा प्रयोग असतो, त्याचाच हा थोरला भाऊ.

प्लास्टिकचा मोठा टब घ्या, दीड फूट तरी खोल. तळाशी जुनी रबरी चटई टाका आणि बरोबर एक फूट पाणी भरा. आता अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा एक फुटाचा तुकडा कापा आणि खुर्चीच्या हाताला किंवा कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला असा बांधा, की तो ४५ अंशांत तिरका राहील आणि खालचं टोक पाण्याला जवळजवळ टेकेल. वरच्या टोकाला डोळा लावा. घरातल्या कुणाला तरी तळाशी स्टीलची छोटी वाटी सरकवायला सांगा, ती नळीच्या मधोमध दिसेपर्यंत. नळी हलू न देता तिच्यातून बो-फिशिंगचा बाण हळूच खाली सरकवा. हा बाण साधारण ३२ इंच लांब असतो, त्यामुळे तळाला टेकेपर्यंत त्याचा मागचा भाग नळीतच राहतो आणि दिशा बदलत नाही.

बाण वाटीत पडत नाही. तिच्यापलीकडे सुमारे साडेचार इंचांवर टेकतो.

पाण्याचा अपवर्तनांक १.३३. माशाकडून येणारा प्रकाश पाण्याबाहेर पडताना वाकतो, पण डोळा तो सरळच आला असं धरून चालतो. म्हणून मासा आहे त्याहून वर दिसतो. बाण मात्र वाकत नाही, तो नळीच्या रेषेत सरळ जातो. तुमचे बाण माशावरून का जातात याचं उत्तर त्या साडेचार इंचांत आहे.

एक गंमत. धनुष्यावर लेझर बसवला की प्रश्न सुटेल असं मलाही वाटलं होतं. नळीतून बाणाऐवजी लेझरचा किरण सोडून पाहा, तो नेमका वाटीवर पडतो, कारण तोही प्रकाशच, तोही वाकतो. म्हणजे लेझर माशावर असताना बाण पलीकडे जाणार. आणि अर्जुनाच्या मत्स्यवेधाचा इथे काही उपयोग नाही. त्याचा मासा वर होता आणि पाण्यात फक्त प्रतिबिंब. तिथे प्रकाश पाण्यात शिरतच नाही, पृष्ठभागावरून परततो. त्याचा पेच वेगळा होता, आपला वेगळा.

नळी जास्त उभी करून पाहा, चूक कमी होते. अगदी उभी केली की चूक शून्य. जास्त आडवी केली की वाढते. हे तिन्ही कोन डोळ्यांनी पाहिले की पुढचा नियम पाठ करावा लागत नाही.

दहा-चारचा नियम

इथले जुने लोक सांगतात: मासा दहा फुटांवर आणि एक फूट खोल असेल तर चार इंच खाली नेम धरा. अंतर दुप्पट झालं तर आठ इंच. दहाच फुटांवर पण दोन फूट खोल, तरी आठ इंच. मी गणित मांडून पाहिलं. काठावर उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची धरली तर नियम बऱ्यापैकी जुळतो. अंतराचा खरा संबंध कोनाशी आहे. मासा लांब म्हणजे नजर आडवी, नजर आडवी म्हणजे चूक मोठी. म्हणूनच बोटीच्या उंच फळीवरून मारताना चार इंच जास्त होतात, आणि पाण्यात कमरेइतकं उतरलात तर कमी पडतात. नियम सुरुवातीला धरायचा, नंतर हाताला जे कळतं त्यावर सोडून द्यायचा. या खेळात धनुष्यावर नेमकाटा लावून फायदा नाही, इंच मोजायला वेळच नसतो.

कोरडं लक्ष्य: बासमतीची गोणी

कोरड्या लक्ष्यावर डोळा सुधारत नाही, हात सुधारतो. बो-फिशिंगचा बाण भरीव फायबरग्लासचा, जड आणि बिनपिसांचा. नेहमीच्या बाणासारखा तो उडत नाही. त्याची सवय इथे करायची.

बासमतीची वीस पौंडी गोणी इथल्या प्रत्येक देशी घरात पडलेली असते. तिच्यात जुने कपडे ठासून भरा. चेन, बटणं, हुक आधी कापून टाका, नाहीतर बाणाचं टोक त्यावर आपटून बोथट होतं. सामान गुंडाळून येतं ते पातळ प्लास्टिक मध्ये कोंबलं तर गोणी जास्त टिकते. तोंड सुतळीने दाबणाने शिवा. वर मार्करने माशाचा आकार काढा. डोळा, खवले काढत बसू नका, फक्त पाठीची रेघ आणि पोटाची रेघ.

गोणी भिंतीला टेकवून उभी करू नका. जमिनीवर आडवी ठेवा आणि तुम्ही उंचावर उभे राहा, मागच्या अंगणातला लाकडी डेक किंवा उतार चालेल. शिडीवर चढून धनुष्य ओढायचं नाही. मागे मातीचा ढीग किंवा चढ हवा. आणि त्याआधी शहराच्या कार्यालयात विचारून घ्या, कारण पुष्कळ गावांत हद्दीच्या आत बाण सोडायला बंदी असते.

टोक काट्यांचं वापरू नका. माशात अडकण्यासाठी ते काटे असतात, गोणीतही तितक्याच इमानाने अडकतात. जुन्या टोकाचे काटे काढून टाकलेले सरावाला उत्तम.

खाली मारताना नवशिक्याची हमखास चूक म्हणजे फक्त डावा हात खाली झुकवणं. तसं केलं की खांदे वाकडे होतात आणि बाण भलतीकडे जातो. आधी समोर सरळ ओढा, मग कमरेतून वाका. अंतर पाच ते पंधरा यार्ड पुरे. त्यापुढे हा बाण कुणाचंच ऐकत नाही.

बिनदोराने हात बसला की मग धनुष्यावर रीळ लावून, मासा ओढून घ्यायचा दोर बाणाला जोडून मारा. दोर ओढत जाणारा बाण लवकर खाली येतो. फरक अंगणातच कळलेला बरा.

पाण्यातला फोमचा मासा

खरा सराव इथे आहे, म्हणून जरा वेळ द्या.

फोम कुठला हा पहिला प्रश्न. थर्माकोल अजिबात नको. बाण लागला की त्याचे मणी सुटतात, तळ्यावर पसरतात आणि ते वेचणं अशक्य. लहान मुलांच्या खोलीत अंथरतात त्या कोड्यासारख्या एकमेकांत अडकणाऱ्या ईव्हीए फोमच्या चटया सगळ्यांत चांगल्या. त्या पाणी पीत नाहीत आणि फाटल्या तरी भुगा होत नाही. मूल मोठं झालं की लोक त्या गराजमध्ये टाकतात. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर विचारलं तर मला एका संध्याकाळी चौदा मिळाल्या.

अर्धा इंच जाडीच्या दोन फुटी चौकोनी दोन चटया घ्या. पुठ्ठ्यावर २४ इंच लांब, ८ इंच उंच माशाचा आकार काढून कापा आणि तो फोमवर ठेवून चार तुकडे उतरवा. धारदार कटर हवा, कात्रीने कडा चावल्यासारख्या होतात. चार थर गोंदाने चिकटवा. नुसत्या गोंदावर मात्र विसंबू नका, पाण्यात तो चार दिवसांत सुटतो. पाच-सहा ठिकाणी भोकं पाडून झिप टाय ओवा आणि करकचून आवळा. शेपटीच्या बुडाशी एक हवाच, तिथूनच थर उकलतात.

आता पोटाच्या कडेपासून दीड इंच वर, एक पुढे आणि एक मागे, अशी दोन भोकं पाडा. दोन्हींतून नायलॉनची दोरी ओवून खाली एकत्र बांधा, इंग्रजी वाय अक्षरासारखी. एकाच भोकात बांधलं तर मासा नाक वर करून उभा राहतो. दोरी फोम कापत जाते, म्हणून भोकाच्या दोन्ही बाजूंना श्रीखंडाच्या डब्याच्या झाकणाच्या रुपयाएवढ्या चकत्या घाला.

वजनात मी सपशेल फसलो होतो. मासा विटेला बांधला, तळ्यात सोडला, आणि मासा विटेसकट वर येऊन तरंगायला लागला. बरोबरचा मित्र इंजिनियर, मी इंजिनियर, आणि दोघं काठावर तोंडाकडे बघत उभे. हिशेब साधा होता. एवढा फोम साधारण चार किलोंची उचल देतो. वीट हवेत दोन किलोंची असली तरी पाण्यात जेमतेम एक किलो उरते. तेव्हा वीट नको, बांधकामाचा पोकळ सिमेंट ब्लॉक घ्या. तो पाण्यातही सात-आठ किलो भरतो. ब्लॉकवर जुनं रबरी पायपुसणं बांधा, म्हणजे चुकलेला बाण सिमेंटवर आपटून टोक मोडणार नाही. ब्लॉकला एक वेगळी जाड दोरी बांधून तिचं टोक काठावर खुंटीला अडकवा. परत काढताना पाण्यात उतरावं लागत नाही.

दोरीला फुटाफुटावर गाठी मारा. पाणी चार फूट असेल आणि तळापासून माशाच्या पाठीपर्यंत तीन फूट भरेल एवढी दोरी ठेवली तर मासा पृष्ठभागाखाली फूटभर राहतो. एक गाठ आखडली की दोन फूट. तीन फुटांखाली सराव करू नका. पाणी बाणाचा जोर फार लवकर खातं, आणि तेवढ्या खोलीवर मासा धड दिसतही नाही.

पहिला मासा पिवळा किंवा नारिंगी असू द्या. बाण कुठून गेला ते दिसलं पाहिजे. दुसरा मार्करने पाठीकडे शेवाळी तपकिरी रंगवा. तो गढूळ पाण्यात शोधणं हाच अर्धा सराव, आणि ध्रुवीकरण करणारा, म्हणजे पोलराइज्ड चष्मा का घ्यायचा हेही तिथेच पटतं. पाण्यावरची चकाकी कापल्याशिवाय खालचं काही दिसत नाही.

तळं खासगी, मालकाला विचारलेलं. सार्वजनिक तळ्यावर फोमचा मासा टाकून बसलात तर वनखात्याच्या माणसाला समजावताना संध्याकाळ जाईल. आणि सुट्टीत गावी गेल्यावर धरणावर हा प्रयोग करायचा मोह आवरा. आपल्याकडे जलाशयातली मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांच्या ठेक्याने चालते.

सराव कसा घ्यायचा

एका वेळी वीस-पंचवीस बाण, जास्त नाही. बोटं दुखायला लागली की सोडताना झटका बसतो आणि चुकीची सवय लागते.

पहिले पाच बाण मुद्दाम मासा दिसतो तिथेच मारा, सगळे वरून जातील. पुढचे पाच पोटाच्या रेघेखाली हाताच्या पंजाएवढ्या जागेवर. मग दोन पावलं मागे जा, मग काठ बदला. प्रत्येक वेळी वहीत चारच गोष्टी लिहा: अंतर, खोली, नेम कुठे होता, बाण कुठे गेला. माझ्या वहीत पहिल्या तीन पानांवर शेवटच्या रकान्यात एकच शब्द आहे, ‘वरून’. चौथ्या पानावर पहिल्यांदा ‘खालून’ आलं तेव्हा मी घरी जिलेबी आणली.

हलता मासा

दोन लिटरच्या सोड्याच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरा आणि दोन-तीन चहाचे चमचे बाहेर काढून झाकण लावा. एवढ्याशा हवेने बाटली ना धड बुडते ना धड तरंगते. हवा जास्त झाली तर वर येईल, थेंबाथेंबाने जुळवा. बाटलीच्या गळ्याला दोरी बांधून ती तळाच्या ब्लॉकच्या कडीतून ओवा आणि दुसरं टोक तुमच्याशेजारी उभ्या माणसाच्या हातात द्या. तो ओढेल तशी बाटली ब्लॉककडे सरकते. ओढणारा समोरच्या काठावर कधीच नको, तो नेमबाजाच्या बरोबरीने किंवा मागेच हवा. भोक पडलं की बाटली बुडते, पण दोरी असल्याने परत मिळते. एका संध्याकाळी चार-पाच बाटल्या लागतात. मोजून न्या, मोजून आणा.

न मारायचा मासा

हे कुणी फारसं करत नाही, पण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. या नद्यांत बफेलो नावाचा मूळचा देशी मासा आहे. वरून पाहिलं तर तो आणि आपला सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, जुळे भाऊ वाटतात. कार्पच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात, बफेलोला मिशा नसतात. मोठ्या तोंडाचा बफेलो शंभरावर वर्षं जगतो हे शास्त्रज्ञांना २०१९च्या सुमारास कळलं. तोवर त्याला कचरा मासा म्हणायचे. अनेक ठिकाणी नियमाने तो मारता येतो, तरी मी मारत नाही.

तर फोमचे दोन मासे करा. एकाच्या तोंडाला काळ्या रबरी वायरच्या मिशा लावा, दुसऱ्याला नको. मित्राला सांगा तुमची पाठ असताना दोघांच्या जागा बदलायला. वळायचं, ओढायचं, मिशा दिसल्या तर सोडायचं, नाही दिसल्या तर प्रत्यंचा हळूच परत आणायची. ओढलेलं धनुष्य न सोडता उतरवणं हे वेगळं कसब आहे, ते हाताला शिकवावं लागतं.

जपायच्या गोष्टी

दोर बाणाच्या मागच्या टोकाला थेट बांधू नका. तो प्रत्यंचेत अडकला तर बाण उलटा फिरून तोंडावर येतो, माणसं अशी गंभीर जखमी झाली आहेत. बाणावर सरकणारी सेफ्टी स्लाइड मिळते, दोर तिलाच बांधायचा आणि ओढण्याआधी ती पुढच्या बाजूला आहे ना हे पाहायचं. दोर मनगटाला, घड्याळाला, शर्टाच्या बटणाला गुंडाळलेला नसावा.

फार आडव्या कोनात पाण्यावर मारू नका. चपटा दगड भाकऱ्या खात जातो तसा बाणही पाण्यावरून उसळतो आणि पलीकडच्या काठावर जातो. सगळे बघे मागे, मुलं तर नक्कीच मागे.

परतताना दोराचे पहिले पाच-सहा फूट बोटांतून ओढून पाहा. फोममधून, चिखलातून, ब्लॉकच्या कडेवरून तोच भाग घासतो. खरखर लागली की तेवढा तुकडा कापा, स्लाइडला नवी गाठ मारा, आणि मासे उलटे टांगून सुकू द्या. थरांमधलं पाणी आठवडाभर तरी निथळत राहतं.